भ्रूणपोषण समितीचा सकस कारभार

पोषण हा प्रत्येक सजीवाचा हक्क आहे, आणि दुसऱ्याला काय खाऊ घालावं हे ठरवणं हा प्रत्येक माणसाचा. पहिला हक्क जगात बऱ्याच ठिकाणी डावलला जातो. दुसरा डावलला गेल्याचं एकही उदाहरण अद्याप नोंदलेलं नाही.

हा दुसरा हक्क किती शिस्तीत बजावता येतो, हे वनस्पती संवर्धन संस्थेच्या संचालकांनी दाखवून दिलं. संचालक मनाने अत्यंत उदार. कुणी उपाशी आहे एवढं नुसतं कळलं तरी त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. (आधीच उतरला असेल तर गोष्ट वेगळी.) भेटायला आलेल्या माणसाला ते आधी बिस्किटं देत आणि मग नकार देत. त्यामुळे त्यांच्या खोलीतून कुणीही रिकाम्या पोटी निराश होऊन गेला नाही.

संस्थेच्या अंगणात, सायकलींच्या शेडशेजारी, एक झाड उभं होतं. त्याच्या जातीचं दुसरं झाड कुठे असल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. त्याला शास्त्रीय नाव होतं, पण ते घेताना पाहुण्यांची जीभ अडखळत असे, म्हणून सगळे त्याला म्हातारबा म्हणत. म्हातारबाचं खोड आतून पोकळ झालं होतं आणि एक मोठी फांदी लोखंडी टेकूवर विसावली होती. तरी तो दर वर्षी फुलायचा, फळं धरायचा आणि पिकायच्या आधीच ती टपाटपा गाळून टाकायचा.

कारण सरळ होतं. बीजात भ्रूण तयार व्हायचा, पण त्याच्यासाठी बीजात जो शिधा साठायला हवा, तो साठतच नसे. म्हणजे बाळाची चाहूल लागली आणि घरातले डबे रिकामे. भ्रूण उपासमारीने मरे आणि पाठोपाठ फळ गळे.

ह्यावर उपाय होता तो भ्रूणबाईंकडे. बाईंचं खरं पद एका दमात म्हणता येण्यासारखं नव्हतं, म्हणून हे नाव पडलं. कोवळं फळ गळायच्या आत त्या ते चिरत, सूक्ष्मदर्शकाखाली धरून सुईच्या टोकाने खसखशीच्या दाण्याहून लहान असा तो भ्रूण बाहेर काढत आणि काचेच्या बाटलीत जेलीसारख्या थरावर ठेवत. ह्या थराला माध्यम म्हणतात. त्यात साखर असते, नत्र असतं, क्षार असतात, जीवनसत्त्वं असतात. आईने जे द्यायचं ते बाटली देते. माध्यम जिथे शिजवलं जाई त्या खोलीला संस्थेत सगळे सरळ स्वयंपाकघरच म्हणत, आणि तिथे बाईंच्या परवानगीशिवाय कुणाला पाऊल टाकता येत नसे.

हे असंच चालू राहिलं असतं. पण संचालकांच्या घरी नात जन्माला आली.

नातीला वरचं अन्न सुरू झालं, तेव्हा संचालकांना वाटलं होतं की आता आपल्या अनुभवाचं चीज होईल. प्रत्यक्षात नातीच्या आहाराचा संपूर्ण कारभार त्यांच्या पत्नी आणि विहीणबाई ह्यांच्या हातात गेला. त्या दोघींचं एकमेकींशी कशातच पटत नसे. फक्त संचालकांना काही कळत नाही, ह्यावर त्यांचं पूर्ण एकमत होतं.

"मी म्हणतो, थोडं केळं कुस्करून दिलं तर?" संचालक दारातून म्हणाले.

"तुम्ही आधी ती वाटी विसळून आणा," पत्नी म्हणाल्या.

"आणि गरम पाण्याने हं, व्याहीबुवा," विहीणबाई म्हणाल्या.

संचालकांनी वाटी विसळून आणली. तोवर घासाचा निर्णय झाला होता. दुसऱ्या दिवशी कार्यालयात आल्यावर त्यांनी भ्रूणपोषण माध्यम समिती स्थापन केल्याचा आदेश काढला.

समितीत एकूण सात जण होते. अध्यक्ष स्वतः संचालक. लेखापाल, कारण ते प्रत्येक समितीत असतात. भांडारप्रमुख, कारण सामान त्यांच्या ताब्यात. मृदातज्ज्ञ, ज्यांचा बाटलीशी संबंध एवढाच की तिच्यात माती नसते. निवृत्त उपसंचालक, ज्यांना घरी करमत नसे. जनसंपर्क अधिकारी, ज्यांनी आदेशात 'माध्यम' हा शब्द वाचला आणि वर्तमानपत्रांचा काही विषय असावा असं समजून नवा शर्ट घालून आले. आणि एक गृहस्थ, जे त्या दिवशी शेजारच्या खोलीतल्या नळदुरुस्तीच्या बैठकीसाठी आले होते. (त्यांनी पहिल्याच बैठकीत इतकी मोलाची सूचना केली, की नंतर त्यांना जा म्हणणं कुणालाही बरं दिसलं नाही.) भ्रूणबाईंना 'आवश्यकतेनुसार बोलावण्यात येईल' असं ठरलं. तशी आवश्यकता भासली नाही.

पहिल्या बैठकीत बाईंचं चालू माध्यम वाचून दाखवण्यात आलं. ते ऐकून सदस्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"एवढंच?" निवृत्त उपसंचालक म्हणाले. "अहो, लेकरं आहेत ती!"

मग प्रत्येकाने मन मोकळं केलं. भांडारप्रमुखांनी नारळपाणी सुचवलं. (हे खरोखरच वापरतात. नियमाला अपवाद असतोच.) लेखापालांनी साखर दुप्पट करायला मान्यता दिली, आणि ती त्यांच्या आयुष्यातली पहिली दुप्पट मान्यता होती. मृदातज्ज्ञांनी नत्र वाढवलं. उपसंचालकांनी मध आणि यीस्टचा अर्क आणला. जनसंपर्क अधिकाऱ्यांनी, आपल्याला काही येत नाही असं दिसू नये म्हणून, सगळी जीवनसत्त्वं तिप्पट केली. नळदुरुस्तीवाले गृहस्थ म्हणाले, "वाढीचं ते औषध असतं ना, ते थोडं जास्त टाका. दाब असला की पाणी वर चढतं." संचालकांनी सर्वांचं ऐकून घेतलं आणि शेवटी, थोडं लाजत, कुस्करलेलं केळं सुचवलं. ते एकमताने मंजूर झालं. त्या दुपारी संचालकांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं, ते त्यांच्या घरी कुणीच पाहिलं नव्हतं.

ह्या मिश्रणाला 'समृद्ध माध्यम' असं नाव देण्यात आलं. आदेश घेऊन शिपाई स्वयंपाकघरात गेला आणि त्याच्यामागोमाग भ्रूणबाई तो आदेश घेऊन संचालकांच्या खोलीत आल्या.

"साहेब, हे काय आहे?"

"बसा. बिस्किट घ्या."

"मला बिस्किट नको. एवढं सगळं एकदम घातलं तर भ्रूण वाढणार नाही, सुजेल. त्याला मूळ कुठे काढायचं आणि पान कुठे काढायचं हेच सुचणार नाही."

"बाई, उपाशी ठेवून कुणाचं भलं झालंय?"

"उपाशी कोण ठेवतंय? ज्या वयाला जे लागतं ते देते मी."

"मग जास्त दिलं तर बिघडतंय कुठे? नको असेल ते ठेवील बाजूला."

बाईंनी कपाळाला हात लावला. "साहेब, बाटलीत बाजू नसते."

पण आदेशावर शिक्का होता. बाटल्यांमधले जवळजवळ सगळे भ्रूण समृद्ध माध्यमावर हलवण्यात आले.

परिणाम दृष्ट लागण्याजोगा होता. भ्रूण फुगू लागले. त्यांचे पांढरट, लुसलुशीत, फुलकोबीसारखे गोळे झाले आणि बघता बघता बाटलीच्या भिंतींना टेकले. समितीने तत्काळ वजनं घेतली. वजनात नऊशे टक्के वाढ. ताजेपणात सत्तर टक्के वाढ. (ताजेपणा जनसंपर्क अधिकाऱ्यांनी डोळ्यांनी मोजला.) मुळं: शून्य. पानं: शून्य. मुळं आणि पानं ह्यांच्यामुळे अहवालाला उगाच उदास छटा येत असल्याने पुढच्या वेळेपासून ते दोन्ही रकाने वगळण्याचं ठरलं. सर्वांत मोठ्या गोळ्याला हार घातला गेला आणि त्याच्यासोबत समितीने छायाचित्र काढून घेतलं. त्या छायाचित्रात गोळा कोणता हे ओळखायला बाण काढावा लागला.

"कसं बाळसं धरलंय बघा," संचालक म्हणाले.

"हे बाळसं नाही, साहेब," बाई म्हणाल्या. "ही गाठ आहे. ही अशीच जन्मभर खात राहील आणि कधीच झाड होणार नाही."

संचालकांना वाईट वाटलं. पण छायाचित्र चांगलं आलं होतं.

ही भरभराट अशीच चालली असती, पण माध्यम निर्जंतुक करणारं वाफेचं यंत्र बंद पडलं. ते दुरुस्त करायला संपूर्ण समितीची संमती हवी, आणि संपूर्ण समिती तर पोषण परिषदेला परगावी गेलेली. (परिषदेत जेवणाची सोय उत्तम होती.) बाटल्यांना नवं माध्यम मिळेना. जुनं आटत, सुकत गेलं. गोळे तपकिरी पडले. बाईंनी ते टाकून द्यायला घेतले, तेव्हा मागच्या फळीवरच्या एका सुकलेल्या गोळ्याच्या कडेला त्यांना काहीतरी हिरवं दिसलं. नखाएवढंही नाही. पण त्याला दोन इवलाली पानं होती, आणि खाली, चक्क, मूळ होतं.

बाईंकडून एक चूक झाली. त्यांना आनंद झाला आणि त्यांनी तो संचालकांना सांगितला.

समितीने परत येताच तातडीची बैठक घेतली. पुराव्यावर सखोल विचार झाला. खायला घातलं तेव्हा गाठ झाली. घातलं नाही तेव्हा झाड झालं. ह्यातून निघणारा निष्कर्ष शाळकरी पोरालाही कळावा इतका स्वच्छ होता. समितीचं नाव बदलून भ्रूण उपासमार समिती करण्यात आलं. सदस्य तेच राहिले, कारण अनुभवी माणसं सहजासहजी मिळत नाहीत. समृद्ध माध्यम रद्द झालं आणि त्याच्या जागी पाणी व जेली एवढंच असलेलं 'संस्कारक्षम माध्यम' आलं.

"मी पहिल्यापासून म्हणत होतो," निवृत्त उपसंचालक तिसरं सँडविच उचलत म्हणाले, "लाडाने वाटोळं होतं."

त्या आठवड्यात म्हातारबाच्या कोवळ्या फळांतून बाईंनी नवे भ्रूण काढले होते. ते अजून नुसते गोळे होते, ज्यांना डोकं-पाय फुटायचे होते. बाईंनी परोपरीने सांगितलं, की बाबांनो, ती हिरवी पानं काढणारा भ्रूण मोठा होता, त्याला आता आवराआवर करून थोडं सुकायचंच होतं; हे तान्हे आहेत, ह्यांना भरपूर साखर लागते, नाहीतर हे मरतील. समितीने ह्या म्हणण्याची 'भावनिक' अशी नोंद घेतली. भ्रूण पाण्याच्या जेलीवर ठेवले गेले आणि काही दिवसांतच तपकिरी ठिपके होऊन गेले. अहवालात लिहिलं, 'शिस्तीस प्रतिसाद दिला नाही.' सुकलेल्या गोळ्यावरचं ते हिरवं रोपही गेलं. कौतुकासाठी त्याची बाटली इतक्यांनी उघडून पाहिली की तिच्यात बुरशी शिरली.

आता म्हातारबावर फक्त एक झुबका राहिला होता. त्यात फळं जेमतेम मूठभर, आणि देठ पिवळे पडायला लागलेले. टेकूजवळ खोडाला नवी चीर गेली होती. बाईंनी अंगणात उभं राहून ते पाहिलं, मग त्या तरातरा जिना चढून संचालकांच्या खोलीत शिरल्या.

"उठा, साहेब."

"बाई, बसा ना. बिस्किट..."

"बिस्किट राहू दे. चला माझ्याबरोबर."

संचालक उठले. त्यांना स्वतःलाच नंतर ह्याचं आश्चर्य वाटलं. बहुधा घरी त्याच सुरात वाटी विसळायला सांगत असत, त्यामुळे पाय आपोआप चालले असावेत. बाईंनी त्यांना प्रयोगशाळेत नेलं, स्टुलावर बसवलं आणि सूक्ष्मदर्शक त्यांच्यासमोर ओढला.

"बघा."

संचालक इतकी वर्षं ह्या संस्थेत होते. सूक्ष्मदर्शकांची खरेदी, त्यांचं उद्घाटन, त्यांच्यावर आच्छादनं घालण्याबाबतचं परिपत्रक, सगळं त्यांच्या सहीने झालं होतं. त्यातून बघायचा प्रसंग मात्र आला नव्हता. त्यांनी आधी चुकून आपल्याच पापण्या पाहिल्या. मग बाईंनी एक चाक फिरवलं आणि धुक्यातून काहीतरी वर आलं. फिकट, जवळजवळ पारदर्शक. वरच्या बाजूला दोन गोल उंचवटे, मध्ये खाच, खाली निमुळतं टोक.

"हे... हे हृदय आहे," संचालक म्हणाले.

"ह्या अवस्थेला हृदयावस्थाच म्हणतात." (संस्थेत हृदय आढळल्याची ही पहिली अधिकृत नोंद.) "आजच काढला. कालपर्यंत नुसता गोळा असणार. ते वरचे दोन उंचवटे आहेत ना, ती पानं व्हायची आहेत."

संचालक बराच वेळ डोळा न काढता बसले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "बाई, ह्याला भूक लागलीय का हो?"

"लागलीय. पण किती, ते रोज सकाळी त्यालाच बघून ठरवायचं. मी ठरवायचं नाही, तुम्ही ठरवायचं नाही, आणि त्या नळवाल्यांनी तर अजिबात नाही."

"मग समितीचं काय करू? बरखास्त करता येत नाही. तसा नियमच नाही."

"ते तुमचं तुम्ही बघा. मला फक्त ही फळं द्या."

संचालकांनी त्या दिवशी जे केलं, त्याला प्रशासनाच्या इतिहासात तोड नाही. त्यांनी समितीला काम दिलं. 'अन्न' ह्या शब्दाची व्याख्या निश्चित झाल्याखेरीज कोणत्याही बाटलीबाबत निर्णय घेणं धोक्याचं ठरेल, असं टिपण त्यांनी मांडलं. समिती हरखून गेली. पाणी हे अन्न आहे काय, इथून सुरुवात झाली. उजेड हे अन्न आहे काय, ह्यावर मृदातज्ज्ञ आणि लेखापाल ह्यांचं बोलणं बंद झालं. चहा अन्न असल्यास तो कामकाजात मोडतो की मध्यंतरात, हा उपप्रश्न निघाला, तेव्हा संचालक निश्चिंत झाले आणि हळूच उठून प्रयोगशाळेत गेले.

मग ते रोजच जाऊ लागले. बाई आधी बघत, मग त्यांना दाखवत. लहान गोळ्यांना दाट, गोड माध्यम. हृदयाचा आकार धरला की साखर थोडी कमी. पुढे भ्रूण लांबट होऊन दोन पानं स्पष्ट दिसू लागली की आणखी कमी. मग काही काळ नुसतं कोरडं राहू द्यायचं, काहीही न देता. ह्या शेवटच्या टप्प्यात संचालकांचा जीव कासावीस होई.

"थोडं केळं...?"

"साहेब, हात मागे."

संचालक हात मागे बांधून उभे राहत. आयुष्यात इतकं अवघड काम त्यांनी केलं नव्हतं. दोन भ्रूण तरीही गेले. एकाने घाई केली, पुरता तयार व्हायच्या आधीच मूळ काढलं आणि लुळा पडला. दुसरा का गेला ते बाईंनाही कळलं नाही, आणि त्यांनी तसं सांगितलं. संचालकांना हे फार नवीन वाटलं. त्यांच्या संस्थेत 'कळलं नाही' असं आजवर कुणीच म्हटलं नव्हतं.

एका रात्री घरी नात जेवायला बसली होती. पत्नीच्या हातात चमचा, विहीणबाईंच्या हातात खुळखुळा. चमचा आला की नात मान वळवी, खुळखुळा वाजे, तोंड उघडे, चमचा आत.

"तिला नकोय," संचालक म्हणाले.

"तुम्हाला काय कळतं?" दोघी एका सुरात म्हणाल्या.

"मला काही कळत नाही. पण मी तिच्याकडे बघतोय."

खुळखुळा थांबला. नातीने मोठ्ठी जांभई दिली आणि ती तशीच आजीच्या खांद्यावर झोपी गेली. त्या रात्री वाटी विसळायला कुणी सांगितलं नाही. त्यांनी आपणहून विसळली.

पुढे वाऱ्याच्या एका झोतात म्हातारबा पडला. आवाज फारसा झाला नाही. सकाळी सगळे अंगणात जमले, तर टेकू उभाच होता आणि झाड आडवं. बाई आत गेल्या आणि त्यांनी पाच कुंड्या एकेक करून बाहेर आणून पायरीवर ओळीने ठेवल्या. प्रत्येकीत वीतभर रोप होतं. पानं थोडी वेडीवाकडी, पण म्हातारबाचीच. कुणीही ओळखली असती. संचालक पायरीवर बसले आणि नाक शिंकरण्याचं निमित्त करून बराच वेळ रुमालात राहिले.

ह्या यशाचं श्रेय अर्थातच समितीला मिळालं. समृद्ध माध्यम, उपासमार आणि अन्नाची व्याख्या ह्या तीन टप्प्यांच्या पद्धतशीर अवलंबामुळे पाच रोपं उभी राहिली, असा अहवाल मंजूर झाला. व्याख्या अजून ठरायची आहे, पण प्रगती समाधानकारक आहे. भ्रूणबाईंचा अहवालात 'स्वयंपाकघराचं सहकार्य लाभलं' असा गौरवपूर्ण उल्लेख आहे. संचालकांनी अहवालावर सही केली आणि बाईंना तो दाखवला. बाई इतक्या हसल्या की सुई खाली ठेवावी लागली.

समितीची ख्याती आता दूरवर पोचली असून तिच्या कार्यकक्षेत रोपं, मुलं, सुना, जावई, विद्यार्थी आणि कनिष्ठ कर्मचारी ह्यांची वाढ हे विषयही समाविष्ट झाले आहेत. समितीत सध्या एक जागा रिकामी आहे, कारण मृदातज्ज्ञांनी एका दुपारी सूक्ष्मदर्शकातून डोकावून पाहिलं आणि नियमानुसार त्यांचं सदस्यत्व गेलं. (संचालकांचं पाहणं समितीला अजून कळलेलं नाही.) नव्या सदस्यासाठी अटी दोनच. उमेदवाराने भ्रूण कधीही प्रत्यक्ष पाहिलेला नसावा. आणि भ्रूणाला नेमकं काय द्यायला हवं होतं, ह्याबद्दल त्याचं मत ठाम असावं. ही हकिगत वाचता वाचता तुम्ही मनातल्या मनात साखर थोडी कमी किंवा थोडी जास्त केली असेल, तर अर्ज करायची गरज नाही. तुमची निवड झाली आहे. बैठक सोमवारी. डबा आणू नये. तुम्हाला काय मानवतं, ते समिती ठरवील.